१२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाच्या हवेत कोणता वायू आहे, हे नेमके कसे कळते?

जिज्ञासू सातारा

नमस्कार मंडळी,

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी या ग्रहाविषयी आलेली बातमी येथील अनेकांना आठवत असेल. केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचाच भाऊबंद असलेला डायमिथाइल डायसल्फाइड हा वायू असल्याचे संकेत मिळाले, पृथ्वीवर हे वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म प्लवकांमुळे तयार होतात, आणि म्हणून तेथे जीवसृष्टी असण्याची शक्यता आहे, असा त्या बातमीचा गाभा होता. पुढे काही आठवड्यांतच इतर गटांनी त्याच निरीक्षणांचे नव्याने विश्लेषण करून या दाव्यावर शंका घेतली. मात्र ही शंकेची बातमी माझ्या वाचनात आली ती आतल्या पानावर, चार ओळींत.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि नववीच्या मुलांना यावर समाधानकारक उत्तर देता यावे अशी माझी इच्छा आहे. माझी पहिली अडचण अशी की जो ग्रह दुर्बिणीतून स्वतंत्रपणे दिसतही नाही, त्याच्या हवेतला वायू ओळखतात कसा? दुसरी अडचण, बातमीत ‘९९.७ टक्के खात्री’ असे म्हटले होते. एवढी खात्री असताना शास्त्रज्ञ त्याला पुरावा का मानत नाहीत? आणि तिसरी, वायू खरोखर सापडला असे गृहीत धरले, तरी त्यावरून जीवसृष्टीचा निष्कर्ष काढता येतो का? जाणकारांनी शक्य तितके मुळापासून सांगावे, ही विनंती.

---

निशाचर

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन त्याच्यावरच उभे आहेत.

के२-१८बी हा ग्रह आजवर कोणीही पाहिलेला नाही. जेम्स वेबनेही नाही. दुर्बिणीला दिसतो तो फक्त त्याचा तारा. सिंह राशीतील हा मंद, तांबडा, खुजा तारा सूर्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी अशी जुळलेली आहे की साधारण दर ३३ दिवसांनी तो ताऱ्याच्या चकतीपुढून सरकतो. २००४ आणि २०१२ मध्ये शुक्राचे सूर्यावरील अधिक्रमण आपल्याकडे पुष्कळांनी पाहिले असेल. हा प्रकार तोच, फरक इतकाच की येथे तारा बिंदूपेक्षा मोठा दिसत नाही, त्यामुळे त्याच्यावरून सरकणारा काळा ठिपका दिसण्याचा प्रश्नच नसतो आणि ताऱ्याचा एकूण प्रकाश अडीच-तीन तासांपुरता किंचित उतरल्याचे तेवढे नोंदले जाते. ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे २.६ पट आहे. ताऱ्याच्या आकाराशी तिची तुलना केली तर ही घट सुमारे ०.३ टक्के येते. केपलर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१५ मध्ये हा ग्रह सापडला तो या घटीवरूनच.

आता हवेकडे येऊ. ग्रहाला वातावरण असेल तर अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याच्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश ग्रहाच्या कडेभोवतीच्या वायूच्या कड्यातून गाळला जाऊन आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक रेणू काही ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश शोषतो, मिथेन ३.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनच्या आसपास, आणि अशाच इतरांच्याही जागा प्रयोगशाळेत मोजून ठेवलेल्या आहेत. ग्रहाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर ४.३ मायक्रॉनच्या प्रकाशात ती हवा अपारदर्शक ठरते, ग्रह तेवढ्यापुरता थोडा मोठा भासतो आणि प्रकाशाची घट किंचित वाढते. शेजारच्या तरंगलांबीला तीच हवा पारदर्शक असते आणि ग्रह पुन्हा लहान होतो. ग्रहाचा हा भासमान आकार तरंगलांबीनुसार कसा बदलतो, याचा आलेख काढला की त्या हवेचा वर्णपट हाती येतो. मुलांना फळ्यावर सांगायचे झाले तर एक वर्तुळ, त्याभोवती एक पातळ कडे आणि दोन वेगळ्या रंगांचे खडू एवढे साहित्य पुरते.

या बदलाचे प्रमाण मात्र नीट ध्यानात घ्यावे लागते. आधीच ०.३ टक्के असलेल्या घटीत वर-खाली होणारा हा फरक ताऱ्याच्या एकूण प्रकाशाच्या दहा हजारांत एखाद्या भागाएवढा असतो. तेवढाही मिळतो याचे कारण असे की के२-१८बीचे वातावरण बहुतांशी हायड्रोजनचे आहे. हलका वायू फुगून उंचापर्यंत पसरतो आणि कडे जाड होते. आपल्या पृथ्वीसारखी नायट्रोजन-ऑक्सिजनची जड हवा एवढी पसरत नाही. दूरच्या एखाद्या निरीक्षकाने पृथ्वी सूर्यापुढून जाताना हेच मोजमाप केले, तर त्याला आपल्या हवेची खूण सूर्यप्रकाशाच्या दहा लाखांत जेमतेम एका भागाएवढी मिळेल. जेम्स वेब ज्या ग्रहांच्या मागे लागली आहे ते बहुधा तांबड्या खुज्या ताऱ्यांभोवतीचे का असतात, याचे उत्तर येथेच आहे: तारा लहान असला की ग्रहाची सावली तुलनेने मोठी पडते.

परंतु या ताऱ्यांची स्वतःची एक खोड आहे. त्यांच्या पृष्ठभागावर डाग असतात आणि थंड डागांत पाण्याची वाफही असू शकते. जीजे ४८६बी या खडकाळ ग्रहाच्या बाबतीत २०२३ मध्ये पाण्याच्या वाफेसारखी खूण मिळाली, तेव्हा संशोधकांनी स्वतःच लिहिले की ही वाफ ग्रहाची आहे की ताऱ्यावरच्या डागांची, हे उपलब्ध निरीक्षणांवरून सांगता येत नाही. बातमी देताना नेमके असे वाक्य गळते, हा माझा जुना राग आहे.

आणखी एक व्यावहारिक बाब. सूर्याच्या दिशेने तोंड करता येत नसल्यामुळे जेम्स वेबला आकाशाच्या राशिचक्राच्या पट्ट्यातील तारे वर्षातून दोनदाच, प्रत्येक वेळी सुमारे पन्नास दिवस दिसतात. के२-१८ तारा याच पट्ट्यात आहे. त्यात अधिक्रमण ३३ दिवसांनी एकदा. म्हणजे वर्षाकाठी तीन-चार संधी, आणि त्या संधींवर दुर्बिणीची वेळ मागणारे इतर शेकडो अर्ज. ‘पुन्हा पाहून खात्री का करून घेत नाहीत’ असे पुष्कळजण विचारतात. ते इतके सोपे नाही.

---

रसायनशाळा

निशाचर यांनी भूमिका चांगली मांडली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे मी पाहतो.

९९.७ टक्के हा आकडा सांख्यिकीत ‘तीन सिग्मा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पातळीचा आहे. वृत्तपत्रात तो ‘जीवसृष्टी असण्याची ९९.७ टक्के खात्री’ अशा थाटात आला, आणि सगळा घोटाळा तेथेच झाला. त्याचा खरा अर्थ एवढाच की वर्णपटात दिसणारे चढउतार निव्वळ योगायोगाने, म्हणजे मोजमापातील नैसर्गिक विस्कळीतपणामुळे, असे जुळून येण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास आहे. चढउतार खरे आहेत असे मानले तरी ते कोणत्या रेणूचे, हा प्रश्न उरतो, आणि तो रेणू कोणी तयार केला हा त्यापुढचा. तीन वेगवेगळ्या पायऱ्यांपैकी पहिल्या पायरीचा हा आकडा आहे, आणि त्या पायरीवरसुद्धा नवा शोध जाहीर करायला भौतिकीत पाच सिग्मांची अपेक्षा असते. मधुसूदन यांच्या गटानेच आपल्या निवेदनात १६ ते २४ तासांची आणखी निरीक्षणे मिळाली तर तेथवर पोहोचता येईल, असे म्हटले होते.

इतर गटांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. एका विश्लेषणात असे दिसले की मध्य-अवरक्त पट्ट्यातील ते बिंदू एका सपाट रेषेनेही तितकेच समाधानकारक समजावता येतात, म्हणजे तेथे कोणत्याच रेणूची खूण मानण्याची गरज नाही. दुसऱ्या एका गटाने उमेदवार रेणूंची यादी वाढवून पाहिली, तेव्हा त्याच चढउतारांवर अनेक साधे हायड्रोकार्बनही डायमिथाइल सल्फाइडइतकेच चपखल बसले. थोडक्या उमेदवारांतून निवड केली की त्यांतला एक पहिला येणारच. मैदानात आणखी कोण असू शकले असते, हे पाहिल्याशिवाय त्या पहिल्या क्रमांकाला अर्थ नसतो. नंतर जवळच्या अवरक्त पट्ट्यातील निरीक्षणांची भर पडली, तेव्हा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड अधिक पक्के झाले, डायमिथाइल सल्फाइडला मात्र तसा ठाम आधार मिळाला नाही.

रेणू ओळखण्यात चूक होण्याचा दाखला याच ग्रहाच्या इतिहासात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन गटांनी हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून के२-१८बीवर पाण्याची वाफ सापडल्याचे जाहीर केले होते. हबलला उपलब्ध असलेल्या अरुंद पट्ट्यात, १.४ मायक्रॉनच्या जवळ, पाणी आणि मिथेन यांच्या खुणा एकमेकींवर पडतात. २०२३ मध्ये जेम्स वेबने ५ मायक्रॉनपर्यंतचा सलग पट्टा पाहिला आणि ती खूण मिथेनची असल्याचे दिसून आले. शुक्रावरील फॉस्फिनचेही असेच. जीवसृष्टीची संभाव्य खूण मानला जाणारा हा वायू शुक्राच्या हवेत सापडल्याचा दावा सप्टेंबर २०२० मध्ये झाला; पुढे चिलीतील आल्मा दुर्बीणसमूहाच्या आकडेवारीचे अंशशोधन (उपकरणाच्या त्रुटींची दुरुस्ती) सुधारल्यावर मूळ गटानेच वायूचे प्रमाण पुष्कळ खाली आणले, आणि ती खूण फॉस्फिनची की तिच्या अगदी शेजारी शोषण करणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणताही एक वायू जीवसृष्टीचा पुरावा होत नाही. डायमिथाइल सल्फाइडच घ्या. पृथ्वीवर तो जैविक आहे हे खरे, पण ६७पी या धूमकेतूवरून रोझेटा यानाने आणलेल्या मोजमापांत तो आढळला, आणि प्रयोगशाळेत मिथेन, हायड्रोजन सल्फाइड यांसारख्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकूनही तो तयार करता आला. धूमकेतूवर प्लवके नसतात. ऑक्सिजनसुद्धा निर्णायक नाही. तांबडे खुजे तारे तरुणपणी फार प्रखर असतात, त्यांच्या अतिनील प्रकाशाने ग्रहावरील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि मागे कोणत्याही वनस्पतीशिवाय ऑक्सिजन साचू शकतो.

मग शोधायचे काय? याचे उत्तर ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९६० च्या दशकातच दिले होते, आणि मला ते अजूनही या साऱ्या विषयातले सर्वांत देखणे उत्तर वाटते. वायू एकेकटे न पाहता त्यांच्या न जुळणाऱ्या जोड्या पाहाव्यात. पृथ्वीच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे आणि थोडा मिथेनही आहे. हे दोघे एकत्र राहू शकत नाहीत, ऑक्सिजन साधारण दहा-बारा वर्षांत मिथेन संपवून टाकतो. तरीही मिथेन आहे, म्हणजे कोणीतरी तो सतत नव्याने ओतत असले पाहिजे. कुलूपबंद घरात ओट्यावर वाफाळता चहा दिसला तर आत कोणीतरी आहे हे जसे आपण चहावरून नव्हे, तर वाफेवरून ओळखतो, तसेच हे.

ही कसोटी एकदा खरोखर लावूनही पाहिली गेली आहे. गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान वेग मिळवण्यासाठी ८ डिसेंबर १९९० रोजी पृथ्वीजवळून गेले, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याची उपकरणे पृथ्वीवर रोखून, आपल्याला या ग्रहाविषयी काहीच माहीत नाही असे समजून निरीक्षणे तपासली. त्यांना भरपूर ऑक्सिजन मिळाला, त्याच्यासोबत असायला नको इतका मिथेन मिळाला, जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबड्या रंगाचे असे तीव्र शोषण मिळाले जे कोणत्याही ज्ञात खडकाने स्पष्ट होत नव्हते (ते हरितद्रव्याचे), आणि अरुंद पट्ट्यातील रेडिओ लहरी मिळाल्या. १९९३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापलेल्या या शोधनिबंधात प्रत्येक खुणेसाठी आधी निर्जीव कारणे शोधली आहेत, ती पुरी पडत नाहीत हे दाखवले आहे, आणि मगच निष्कर्ष काढला आहे. शाळेत एखादा तास घ्यायचा असेल तर के२-१८बीपेक्षा हे उदाहरण मी सुचवेन. उत्तर मुलांना आधीच ठाऊक असल्यामुळे त्यांचे सारे लक्ष पद्धतीकडे राहते.

---

जुन्नरकर

वरील चर्चा वायूंभोवती फिरत आहे. परग्रहांवरील प्रगत जीवांनी सोडलेल्या रेडिओ लहरींच्या शोधाविषयी थोडी भर घालतो, कारण तेथेही अडचण तीच असून तिच्यावरचा उपाय मात्र बराच सुटसुटीत आहे.

खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये अमेरिकेतील ग्रीन बँक येथील दुर्बिणीने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे १४२० मेगाहर्ट्झवर कान लावले, तेथून या शोधाची सुरुवात मानतात. नैसर्गिक स्रोतांच्या रेडिओ लहरी साधारणपणे रुंद पट्ट्यात पसरलेल्या असतात, तर प्रक्षेपकाची लहर अतिशय अरुंद असते. म्हणून अरुंद लहरी शोधायच्या. पंचाईत अशी की पृथ्वीवरील प्रत्येक मोबाइल, उपग्रह, रडार आणि संगणक अशाच लहरी सोडतो. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या आमच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी, म्हणजे जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांसाठी, तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी हा डोंगरांच्या आडोशाचा भाग निवडला त्यामागचे एक मोठे कारण हा गोंगाट टाळणे हेच होते.

गाळणी दोन प्रकारची लावतात. दुर्बीण काही मिनिटे ताऱ्याकडे आणि मग काही मिनिटे बाजूला, अशी आळीपाळीने वळवतात. लहर ताऱ्याकडे पाहतानाच यावी आणि बाजूला वळताच जावी. दुसरे म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने दूरच्या स्रोताची वारंवारता हळूहळू सरकत राहिली पाहिजे. जी लहर एकाच आकड्यावर खिळून बसते ती आपल्या आसपासचीच. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीला प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर मिळालेली लहर या दोन्ही गाळण्यांतून पार झाली होती. तरीही संशोधकांनी ती जाहीर करून टाकली नाही. सर्व नोंदी उलगडून पाहिल्यावर त्याच चालीने सरकणाऱ्या, वारंवारतांचे ठरावीक गणित पाळणाऱ्या आणखी लहरी सापडल्या आणि त्यांतील काही दुर्बीण भलतीकडे वळलेली असतानाही आल्या होत्या. २०२१ मध्ये निर्णय झाला की हा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा हस्तक्षेप आहे. याच पार्क्समध्ये अनेक वर्षे छळणाऱ्या काही क्षणिक लहरींचा उगम २०१५ मध्ये तेथील मायक्रोवेव्ह भट्टीत सापडला होता. भट्टी चालू असतानाच कोणीतरी दार उघडले की ती लहर यायची.

जीएमआरटीच्या संवेदनशीलतेची कल्पना यावी म्हणून एक नोंद: ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे स्किआपारेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण रेडिओ संदेश प्रत्यक्ष खोडदमध्ये ऐकला जात होता, आणि तो उतरण्याच्या सुमारास तुटल्याचेही प्रथम तेथेच लक्षात आले. वारंवारतेचे सरकणे म्हणजे काय, हे त्या नोंदीत यानाच्या बदलत्या वेगाबरोबर दिसते.

---

स्पष्टवक्ता

सर्वांचा अभ्यास मान्य आहे. पण मला हा सारा प्रकार असा दिसतो: दावा करायचा, जगभर नाव करून घ्यायचे, आणि मग ‘आणखी निरीक्षणे हवीत’ म्हणून दुर्बिणीचा वेळ आणि अनुदान मागायचे. २०१९ ला पाणी, २०२० ला फॉस्फिन, २०२५ ला डायमिथाइल सल्फाइड. पुढच्या वेळी मुलांनी तरी विश्वास का ठेवावा?

---

रसायनशाळा

आपला रोख चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. विद्यापीठांच्या प्रसिद्धी विभागांना बातमी मोठी हवी असते, आणि के२-१८बीच्या वेळी शोधनिबंधातील जपून केलेली विधाने आणि पत्रकारांसमोरची भाषा यांत अंतर पडले, असे माझेही मत आहे. पण आपण दिलेल्या तिन्ही उदाहरणांत दावा खोडला किंवा सैल केला तो कोणी? त्याच क्षेत्रातील लोकांनी, आणि तेही फार काळ वाट न पाहता, कारण मूळ निरीक्षणे इतरांनाही उपलब्ध होती. अनुदानासाठी संगनमत असते तर इतक्या तातडीने एकमेकांचे हिशेब तपासले गेले नसते.

या ओढाताणीवर उपाय म्हणून नासातील काही शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. संभाव्य खूण आढळणे ही तिची पहिली पायरी. मग ती खूण बाहेरून मिसळलेली नाही याची खात्री, अजैविक मार्ग वगळणे, वेगळ्या प्रकारची स्वतंत्र निरीक्षणे, असे करत शेवटच्या पायरीवर जीवसृष्टी. वृत्तपत्रांनी प्रत्येक बातमीसोबत हा पायरीचा क्रमांक छापला तरी निम्मे गैरसमज टळतील. छापतील अशी आशा मात्र मला नाही.

---

जिज्ञासू सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गॅलिलिओ यानाचे उदाहरण मी नक्की वापरेन. आणखी दोन गोष्टी विचारतो. डॉ. जयंत नारळीकरांनी फुग्यातून उंचावरची हवा आणून जिवाणू शोधले होते, असे आमच्या पिढीने ऐकलेले आहे. त्या प्रयोगाचा निष्कर्ष शेवटी काय निघाला? तो या मोजपट्टीवर कोठे बसतो? आणि मंगळावरच्या ठिपक्यांच्या खडकाविषयी सध्या काय मत आहे?

---

निशाचर

नारळीकर सरांच्या प्रयोगाविषयी मला सांगता येईल. इस्रोच्या सहकार्याने आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील फुगा केंद्रावरून हे प्रयोग झाले. पहिला २००१ मध्ये आणि दुसरा, अधिक काटेकोर, एप्रिल २००५ मध्ये. फुग्याबरोबर निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांचा संच द्रवरूप निऑनमध्ये बुडवून वर पाठवला होता. निऑनच्या थंडीमुळे नळीत शिरलेली हवा तेथेच गोठते, आणि २० ते ४१ किलोमीटरच्या दरम्यान ठरावीक उंचीवर एकेक नळी उघडून बंद करता येते. एक नळी मुद्दाम शेवटपर्यंत न उघडता ठेवली होती. तिच्यात काही आढळले असते तर दोष हाताळणीचा ठरला असता, आणि माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच रिकामी नळी होती.

हैदराबाद आणि पुणे येथील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत नमुने तपासले गेले. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती. जिवाणूंपैकी नऊ पृथ्वीवरील ज्ञात प्रजातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळत होते. तीन प्रजाती नव्या होत्या. त्यांतील एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव दिले. या तिन्ही प्रजाती त्यांच्या जवळच्या नातलगांपेक्षा अतिनील प्रकाश अधिक सोसतात, असेही दिसले.

पण नव्या म्हणजे परक्या नव्हेत. त्यांचा आनुवंशिक वारसा पृथ्वीवरील जिवाणूंच्याच वंशवृक्षात बसतो. वादळे आणि ज्वालामुखी सूक्ष्मजीवांना किती उंच नेऊ शकतात, हे पक्के ठाऊक नसताना ते वरून आले की खालून गेले हे ठरवता येत नाही, आणि इस्रोच्या निवेदनातही या निष्कर्षांवरून पृथ्वीबाहेरचा उगम निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. सरांचा स्वतःचा कल हॉईल यांच्या मताकडे, म्हणजे जीवनाची बीजे अंतराळातून येतात या कल्पनेकडे होता, हे सर्वश्रुत आहे. तरीही प्रयोगाची आखणी त्यांनी आपल्या आवडत्या कल्पनेला अडचणीत आणता येईल अशीच केली. मोजपट्टीवर बसवायचे तर बाहेरून मिसळण इथल्या इथे, उपकरणांत किंवा प्रयोगशाळेत, झाली नाही एवढे दाखवण्यापर्यंत हा प्रयोग गेला. त्याच्या पुढे नाही.

---

रसायनशाळा

मंगळाच्या खडकाविषयी थोडक्यात. जुलै २०२४ मध्ये नासाच्या मंगळावरील पर्सिव्हिअरन्स गाडीला जेझेरो विवराकडे जाणाऱ्या एका प्राचीन नदीपात्रात ‘चेयावा फॉल्स’ असे नाव दिलेला बाणाच्या टोकासारखा खडक मिळाला. तांबूस गाळखडकावर काही मिलिमीटरचे फिकट ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपक्याला काळसर किनार आहे. किनारीत लोहाचे फॉस्फेट आणि आत लोहाचे सल्फाइड मिळाले, शिवाय त्या परिसरात सेंद्रिय कार्बनही आहे. पृथ्वीवर चिखलातील सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाऊन, लोह आणि गंधकाला इलेक्ट्रॉन देऊन जगतात, तेव्हा हीच खनिजे मागे राहतात. ती निव्वळ रासायनिक क्रियेनेही होऊ शकतात, परंतु त्यांपैकी लोहाच्या सल्फाइडसाठी बहुधा भरपूर उष्णता लागते आणि हा खडक तसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये हा शोधनिबंध छापून आला तेव्हा संशोधकांनी त्याला ‘संभाव्य जैविक खूण’ एवढेच म्हटले, आणि मोजपट्टीवर तो अगदी खालच्या पायऱ्यांवरच आहे.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर आजवर हाती आलेल्या सर्व खुणांत मला ही सर्वांत वजनदार वाटते, आणि त्याचे कारण एकच: १२४ प्रकाशवर्षांवरची हवा प्रयोगशाळेत आणता येत नाही, हा खडक आणता येतो. गंधकाच्या आणि लोहाच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) प्रमाण मोजले की जैविक आणि अजैविक मार्गांत फरक करण्याची बरीच संधी मिळते, पण ते काम गाडीवरच्या उपकरणांच्या आवाक्यातले नाही. त्या खडकाचा गाभा गाडीने नळीत भरून ठेवलेला आहे. तो पृथ्वीवर आणण्याची नासा आणि युरोपची मूळ योजना खर्च बेसुमार वाढल्यामुळे रखडली आहे. चीनची तियानवेन-३ मोहीम या दशकाच्या अखेरीस निघून मंगळाची माती आणणार आहे, परंतु ती वेगळ्या जागेची असेल. त्यामुळे मुलांनी ‘उत्तर कधी मिळेल’ असे विचारले तर सांगा की हा प्रश्न सध्या खगोलशास्त्रापेक्षा अंदाजपत्रकाचा झाला आहे.